शेजारच्याचं टर्बो सी

दिवाळीत आष्टीला गेलो होतो. भाच्याने विचारलं, "मामा, प्रोग्रॅमिंग शिकायला लॅपटॉपवर काय टाकू?" मी तोंड उघडलं आणि मिटलं. हाच प्रश्न याच घरात मला पूर्वी एकदा विचारला गेला होता, आणि माझं उत्तर महागात पडलं होतं.

२००२ साली नगरच्या हॉस्टेलवर एका सिनियरने मला फ्लॉपीवर टर्बो सी दिलं. त्यालाही कुणीतरी असंच दिलेलं. सुट्टीत मी ते आष्टीला आणलं आणि धाकट्या भावाला शिकवलं.

टर्बो सी बोरलँड कंपनीने काढलं १९८७ साली. तेव्हा ते भन्नाटच होतं! प्रोग्रॅम लिहायचा, कंपाइल करायचा, चूक शोधायची, सगळं एकाच खिडकीत. डॉसच्या दुबळ्या मशीनवरही पळायचं. गंमत म्हणजे रिचर्ड स्टॉलमन यांचा जीसीसी कंपाइलरही १९८७ चाच, आणि तो सगळ्यांना खुला. पुढे १९८९ मध्ये सी भाषेचं प्रमाण ठरलं, १९९८ मध्ये सी प्लस प्लसचं. आपण मात्र निळ्या खिडकीतच. तिथे इंटिजर दोन बाइटचा, ३२७६७ मध्ये एक मिळवला की थेट उणे ३२७६८!

का राहिलो? नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं 'लेट अस सी' प्रत्येकाच्या उशाशी, आणि त्याच्या जुन्या आवृत्त्या टर्बो सी धरून लिहिलेल्या. प्रॅक्टिकलच्या वह्या त्यावरच. रात्री अडलं तर शेजारच्या खोलीतला मित्र तेच जाणणारा. पुढे ६४ बिटचं विंडोज आलं आणि हे जुनं सॉफ्टवेअर त्यावर चालेना. तेव्हा पोरांनी अवजार बदललं नाही, डॉसबॉक्स टाकून त्याच्या आत तेच चालवलं!

आमच्याकडे ट्रॅक्टर घेताना तरी काय बघतात? ज्याचा मिस्त्री कड्यात मिळतो, तो घ्यायचा. यात मूर्खपणा नाही. पण शेत बदललं की मिस्त्रीही पुरत नाही.

२००८ मध्ये भाऊ पुण्याला मुलाखतीला गेला. समोर लिनक्सचं मशीन. याने सवयीने पहिल्या ओळीत 'कोनिओ' हेडर लिहिलं. ती फाइल तिथे नव्हतीच. रात्री घरी येऊन एवढंच म्हणाला, "दादा, तू शिकवलेलं तिथं चालत नाही." ते वाक्य अजून टोचतं.

त्याने मग स्वतःच लिनक्स टाकलं, महिनाभर एकटा झगडला. नंतर गावातली पोरं अडलं की त्याला फोन करू लागली. म्हणजे आता शेजारच्या खोलीतला मित्र तो झाला होता!

भाच्याला मी म्हटलं, "काय टाकायचं ते धाकट्या मामाला विचार, रात्री अडलास तर फोनही तोच उचलेल. पण लिहिलेला प्रोग्रॅम दुसऱ्या एका कंपाइलरवर चालवून बघत जा. नाही चालला, तर का ते शोध."

असो. तुम्हाला पहिलं अवजार कुणी दिलं होतं?