कागदावरची घराची दिशा

मंडळी, आजचा विषय जरा आडवळणाचा आहे. कागद, चाकू आणि ज्यू लोक.

गणपतीत आमच्या गडहिंग्लजला पतंगाच्या कागदाच्या घड्या घालून नक्षी कापतात. घडी उलगडली की दोन्ही बाजू अगदी सारख्या. तुम्हीही लहानपणी केलं असेलच. पूर्व युरोपातले ज्यू १८व्या-१९व्या शतकात हेच करायचे, फक्त धारदार चाकूने. कागद मधोमध दुमडायचा, फळीवर टाचायचा आणि कापायचा. उलगडला की समोरासमोर दोन सिंह, दोन हरणं आणि मधे मेनोरा, म्हणजे सात फांद्यांचा दिवा. कागद स्वस्त, त्यामुळे गरीब मास्तर आणि विद्यार्थीसुद्धा ही कला करत.

यातलाच एक प्रकार म्हणजे 'मिझराख'. अर्थ, पूर्व दिशा. जेरुसलेम त्यांच्या पूर्वेला, प्रार्थना तिकडे तोंड करून. म्हणून हा कागद पूर्वेच्या भिंतीवर लावायचा. थोडक्यात, आपलं मूळ घर कुठल्या दिशेला आहे ते सांगणारा कागद! दुसऱ्या महायुद्धात ती माणसं मारली गेली, घरं गेली आणि त्यांच्याबरोबर असे असंख्य कागदही गेले.

आता हाच मिझराख अलिबागकडच्या एखाद्या ज्यू घरात लावला तर? दिशा चुकली की! कोकणातून जेरुसलेम पश्चिमेला. इथल्या बेने इस्राएल लोकांच्या सिनेगॉगमध्ये धर्मग्रंथाचं कपाट पश्चिमेच्या भिंतीला असतं. हे लोक आपलेच बरं का. नवगावजवळ जहाज फुटून पूर्वज किनाऱ्याला लागले अशी त्यांची आख्यायिका. धंदा तेल गाळायचा, शनिवारी घाणा बंद, म्हणून नाव पडलं 'शनिवार तेली'. भाषा मराठी, आडनावं दिवेकर, पेणकर, नवगावकर. १९४८ नंतर बहुतेक जण इस्राएलला गेले. आज भारतात जेमतेम काही हजार उरलेत.

याच समाजातली चित्रकार म्हणजे सिओना बेंजामिन. जन्म १९६०, मुंबई. शाळा कॅथलिक आणि पारशी, शेजारीपाजारी हिंदू आणि मुसलमान. नंतर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट. पुढे अमेरिकेत दोन पदव्युत्तर पदव्या, त्यातली एक चक्क रंगमंचाच्या नेपथ्याची. आता मुक्काम न्यू जर्सी.

सिओना चाकू नाही, ब्रश चालवते. पण माध्यम तेच, कागद. त्यावर गॉश रंग आणि सोन्याचा वर्ख, शैली बरीचशी आपल्या लघुचित्रांची. तिच्या गाजलेल्या चित्रमालिकेचं नावच 'फाइंडिंग होम', घराचा शोध. त्यातल्या बायका निळ्या. निळा आकाशाचा, समुद्राचा. कुठल्याच एका देशाचा नाही. आपल्याला मात्र आधी कृष्णच आठवतो! एका चित्रात निळ्या बाईला देवीसारखे अनेक हात आहेत आणि त्या हातांचाच मेनोरा झालाय. गंमत म्हणजे इथेही मधे एक अक्ष आणि दोन बाजूंना सारखे हात. घडीचा कागद उलगडल्यासारखे!

२०१०-११ मध्ये फुलब्राइट शिष्यवृत्ती घेऊन ती भारतात आली. इथे राहिलेल्या ज्यूंचे फोटो काढले आणि त्या चेहऱ्यांभोवती चित्रं रंगवली. हे प्रदर्शन २०१३ मध्ये मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात लागलं. २०१५ मध्ये तिच्यावर 'ब्लू लाइक मी' नावाचा माहितीपटही आला.

मला स्वतःला हे चेहऱ्यांचं काम सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. समाज लहान होत जातो तेव्हा आधी त्याच्या रोजच्या गोष्टी जातात. मलिद्याचं ताट, भिंतीवरची एलियाहू पैगंबराची तसबीर, मराठीतलं कीर्तन (हो, बेने इस्राएलांची मराठी कीर्तनं होती!). इमारतींवर पाटी तरी लागते, माणसांवर कोण लावणार?

जुना मिझराख एकच दिशा दाखवायचा. सिओनाच्या कागदावर जेरुसलेम आहे, मुंबई आहे आणि न्यू जर्सीही आहे. गाव सोडून पुण्या-बंगळुरात कोड लिहीत बसलेल्या आपल्यासारख्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

असो. तिची चित्रं नेटवर आहेत, जरूर बघा.