गोमतीने वाहून नेलेला चुना

वॉशिंग मशीनच्या हीटरवर पांढरा थर दिसला की घरोघर दोष जातो तो कंपनीला, नाहीतर पावडरीला. लखनौपुरते बोलायचे तर दोन्ही आरोप अपुरे आहेत. तिथल्या पाण्यात चुना पहिल्यापासून आहे आणि त्याला कपड्यातून काढून टाकायची विद्याही मशीन यायच्या कितीतरी आधीपासून त्या शहरात आहे. फरक पडला तो दोन ठिकाणी. पूर्वी सुटलेला चुना नदी घेऊन जायची, आता तो बंद ड्रमात मुक्काम करतो. आणि ज्यांना ही विद्या येत होती त्यांच्याकडून ती घरात कधी आलीच नाही. माझ्या मते दुसरे कारण जास्त जड आहे.

गोमती ही बर्फावर वाहणारी नदी नव्हे. पिलीभीत जिल्ह्यात माधोटांड्याजवळच्या तळ्यातून ती निघते आणि पावसाळा सोडला तर मुख्यतः भूजलावर जगते. ते भूजल ज्या गाळातून झिरपते त्यात जागोजाग कंकर, म्हणजे चुनखडीच्या ओबडधोबड गाठी असतात. नवाबी काळात अशाच गाठी भाजून बांधकामाचा चुना करत. 1784 च्या दुष्काळात नवाब आसफउद्दौल्याने लोकांना काम मिळावे म्हणून बडा इमामबाडा बांधायला घेतला, त्याच्या बारीक लाखौरी विटा चुन्यातच बसवलेल्या आहेत. मातीतला कर्बवायू घेतलेले पाणी कंकर थोडाथोडा विरघळवते; तेच पाणी तापले की वायू उडून जातो आणि चुना पुन्हा घट्ट होऊन जिथे ऊब असेल तिथे चिकटतो. इमामबाड्याच्या भिंतीत मुरलेले आणि हीटरच्या नळीला बिलगलेले द्रव्य एकच, कॅल्शियम कार्बोनेट.

अशा पाण्याच्या गावाने नाव काढले ते पांढऱ्यावर पांढऱ्या भरतकामाचे, ही गोष्ट मला बोलकी वाटते. चिकन नावाच्या या भरतकामाच्या कापडावर आधी छिपी निळीचे ठसे उमटवतो, मग ते टाके घालणाऱ्या बायकांच्या हातून महिनोन्महिने फिरते. भरून परत येते तेव्हा ते निळसर, मळके, बोटांच्या डागांनी भरलेले असते. त्याला विकाऊ माल करतो तो धोबी. नीळ पूर्ण गेली पाहिजे, टाका तुटता कामा नये आणि कापडावर करडी छटा उरता कामा नये. जड पाण्यात साबण लावला तर चुना आणि साबण मिळून चिकट साका होतो आणि नेमकी तीच छटा धाग्यात बसते. अवधचे धोबी त्यावर रेह वापरत. उसर जमिनीवर उन्हाळ्यात फुलून येणारी ही खारी पांढरी माती. तिच्यात सोड्याचे क्षार असतात. शेतकऱ्याला ती शाप. लखनौ-कानपूर रस्त्यावर बंथऱ्याला राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेने उसर सुधारण्यासाठी केंद्रच चालवले. धोब्याला मात्र ती फुकटचा धुण्याचा सोडा. रेहेच्या पाण्यात कपडे भिजवायचे, भट्टीवर चढवून वाफ द्यायची, मग घाटावर आपटून खळाळत्या पाण्यात काढायचे. सोड्याने पाण्यातला चुना आधीच खाली बसतो, कापडाच्या वाट्याला कमी येतो, आणि बसलेला साका नदीबरोबर पुढे जातो.

यावर कोणी म्हणेल, ही नुसती वहिवाट. धोब्याला रसायन कुठे ठाऊक होते? सूत्र ठाऊक नसेल, पण क्रम ठाऊक होता, आणि धुण्यात क्रमच सारे काही असतो. ढाक्याच्या मलमलीच्या धुलाईचे वर्णन 19व्या शतकाच्या मध्याला जेम्स टेलर या डॉक्टरने करून ठेवले आहे: रेहेसारख्याच खाऱ्या सज्जीमातीचे पाणी, वाफ, उन्हात वाळवण, आणि अगदी शेवटच्या पाण्यात लिंबाचा रस. ही लखनौची नोंद नव्हे, पण कापड तसेच नाजूक आणि रीत त्याच घराण्यातली. आधी खार, शेवटी आंबट. उरलासुरला चुना आंबटाने सुटतो. आज मेकॅनिक ड्रममध्ये लिंबूसत्त्व टाकून गरम पाण्यावर रिकामे मशीन फिरवायला सांगतो, तेव्हा तो याच क्रमाचे शेवटचे पाऊल सांगत असतो. हीटर बाहेर काढून त्या द्रावणात बुडवला की थरावर बारीक बुडबुडे धरतात, कडेचे खवले सुटतात आणि खालून काळपट धातू दिसू लागतो. पाणी आत येते तिथली चिमुकली जाळीही अशीच मोकळी होते.

दुसरा आक्षेप अधिक रास्त आहे. आपल्याकडच्या कितीतरी सेमी-ऑटोमॅटिक मशीनना हीटरच नसतो, मग चुन्याचा एवढा बाऊ कशाला? थंड पाण्यात थर हळू बसतो, हे कबूल, आणि क्षार काढायच्या पाकिटांच्या जाहिराती त्याबद्दल मौन पाळतात. पण धुण्याची पावडर स्वतःच सोडा घेऊन येते. 1969 साली अहमदाबादेत करसनभाई पटेलांनी सुरू केलेली निरमा स्वस्त पडली त्यात सोडा अॅशचा मोठा हात होता. म्हणजे रेहेचे काम कारखान्याचा सोडा करू लागला, पण घाट गेला. खाली बसलेला चुना, सुटलेला मळ आणि न विरघळलेली पावडर आतल्या-बाहेरच्या टबांच्या मधल्या फटीत साठते. हीटर नसला तरी हा राखाडी गाळ चुकत नाही. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरला 200 मिलिग्रॅम कठीणपणा ठीक, दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतात. लखनौला ऐशबागेच्या जुन्या जलकेंद्रातून गोमतीचे पाणी मिळते, काही भागांना शारदेच्या कालव्याचे आणि पुष्कळांना नलकूपांचे. एकाच शहरात दोन मोहल्ल्यांची मशीन वेगवेगळ्या वेगाने खराब होतात याचे नवल नको.

यात घाटाची आठवण काढून उसासे टाकायचे नाहीत. रेहेने हातांची सालटी जात, थंडीत कमरेभर पाण्यात उभे राहावे लागे, आणि हे काम कोणाच्या वाट्याला यायचे ते जातीने ठरलेले. मशीनने ती वेठ कमी केली हे चांगलेच झाले. पण त्याच जातिव्यवस्थेने आणखी एक केले. पाण्याचा स्वभाव ओळखणे हे धोब्याचे काम ठरल्यामुळे कपडे घालणाऱ्या घराला ते शिकावेच लागले नाही. 1880 मध्ये विल्यम होई या इंग्रज अधिकाऱ्याने लखनौच्या धंद्यांवर पुस्तक छापले ते परवाना-कराच्या कामातून, म्हणजे नजर मिळकतीवर. धोब्याची विद्या धोब्याच्याच घरात राहिली आणि मशीन आले ते थेट दुसऱ्या घरात, सोबत फक्त कंपनीची पुस्तिका घेऊन. त्या पुस्तिकेत महिन्यातून एकदा ड्रम धुवा असे लिहिलेले असते. तुमच्या नळाला पाणी नदीचे की बोअरचे, हे तिला माहीत असायचे कारण नाही. मराठवाड्यात बोअरच्या पाण्यावर मशीन चालवणाऱ्यांनाही तीच पुस्तिका मिळते.