नववी चिप

माझ्या टेबलाच्या खणात बोटभर लांबीच्या दोन हिरव्या पट्ट्या आहेत. दोन्ही जुन्या काँप्युटरच्या मेमरीच्या, दोन्ही 30 पिनांच्या, 1 एमबीच्या. मॅकिंटॉशमधून काढलेल्या पट्टीवर आठ काळ्या चिप्स आहेत, 386 पीसीतल्या पट्टीवर नऊ.

विद्यार्थी असताना मला वाटायचं, खाच जुळली की काम झालं. मॅकच्या चार पट्ट्या पीसीत बसवल्या. व्यवस्थित बसल्या, पण मशीन पॅरिटी एरर दाखवून अडून बसलं. पीसीच्या पट्ट्या मात्र मॅकमध्ये निमूट चालल्या.

असं का, याचं उत्तर 1981 मध्ये आहे. त्या वर्षी आलेल्या आयबीएम पीसीत प्रत्येक बाइटच्या आठ बिटांमागे एक नववा बिट पहाऱ्याला होता. एकूण 'एक' मोजले तर संख्या विषमच यायला हवी. वाचताना सम आली, म्हणजे कुठेतरी एक बिट उलटला. मग मशीन तिथेच थांबायचं. ही भीती काल्पनिक नव्हती. इंटेलच्या टिमोथी मे आणि मरी वुड्स यांनी 1978 मध्येच दाखवलं होतं की, चिपच्या आवरणातल्या किंचित किरणोत्सारी अंशातून निघणारे अल्फा कण बिट उलटवू शकतात.

1986 च्या मॅकिंटॉश प्लसमध्ये अशा पट्ट्यांसाठी चार खाचा होत्या, पहारेकरी नव्हता. मेमरी महाग होती आणि नवातली एक चिप वाचत होती. म्हणून मॅक नवव्या चिपकडे बघतच नसे, आणि पीसीला ती सापडली नाही की तो हटून बसे.

पहारेकरीही तसा भोळाच. दोन बिट एकदम उलटले तर त्याला पत्ता लागत नसे, आणि सापडलेली चूक दुरुस्त करणं त्याच्या हातात नव्हतं. नव्वदच्या दशकात चिप्स भरवशाच्या झाल्या, किमतीची चढाओढ वाढली, आणि घरच्या पीसीतूनही तो गेला. सर्व्हरमध्ये मात्र चूक दुरुस्त करणारी ईसीसी मेमरी राहिली.

तेव्हा अडून बसलेल्या पीसीचा मला राग आला होता. आज वाटतं, चुकीचं उत्तर देण्यापेक्षा थांबलेलं बरं, एवढंच तो सांगत होता. मॅक बिघडलेला बिट घेऊनही पुढे चालत राहिला असता आणि मला कळलंही नसतं.