दिल्लीची हरवलेली सिंफनी

आधुनिक काळातील आवडत्या सिंफनी आठवू लागलो की मालर, शोस्ताकोविच ही नावे प्रथम येतात. परंतु मला ओढ आहे ती कोणालाच ऐकता न येणाऱ्या एका सिंफनीची. इंग्रज संगीतकार जॉन फोल्ड्स 1935 मध्ये हिंदुस्थानात आले आणि पुढे दिल्लीच्या ऑल इंडिया रेडिओवर पाश्चात्त्य संगीताचे प्रमुख झाले. महायुद्धातील मृतांसाठी त्यांनी रचलेले ‘वर्ल्ड रेक्विएम’ 1923 पासून लंडनच्या अल्बर्ट हॉलमध्ये गाजले होते. येथे त्यांनी भारतीय वाद्यांचा वृंद घडविला आणि दोन्हींकडच्या वादकांसाठी पूर्व-पश्चिमेची सिंफनी रचली. (हार्मोनियमचे मात्र ते कट्टर वैरी, त्यांच्या टीकेनंतर 1940 मध्ये बिचारी पेटी रेडिओवरून हद्दपार झाली!) 1939 मध्ये कलकत्त्यास त्यांना मृत्यू आला आणि सिंफनीची स्वरलिपी हरवली. आपली बंदिश शिष्याच्या गळ्यात जगते, सिंफनी कागदावर. फोल्ड्स यांच्या कृतीला दोहोंपैकी एकही आधार उरला नाही. 1952 मध्ये याच दिल्लीत रविशंकरांनी आकाशवाणीचा वाद्यवृंद उभारला. नव्वदी ओलांडल्यावर, 2010 मध्ये, त्यांची स्वतःची सिंफनी लंडनमध्ये वाजली. ती स्वरलिपीत उतरवून घेतली होती डेव्हिड मर्फी यांनी.