अनिकेत जाधव : शाहू स्टेडियमच्या पलीकडची वाट

भारताच्या वयोगट संघांतून पुढे आलेला कोल्हापूरचा आघाडीचा फुटबॉलपटू. जन्म १३ जुलै २०००. रिक्षाचालकाच्या घरात वाढलेल्या अनिकेतने २०१७ साली भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषक स्पर्धेत देशाचे प्रतिनिधित्व केले. फिफाच्या विश्वचषकात भारताचा फुटबॉल संघ उतरण्याची ती पहिलीच वेळ होती.

कोल्हापूरला फुटबॉल नवा नाही. पाटाकडील, बालगोपाल, खंडोबा, दिलबहार, प्रॅक्टिस ही नावे पेठापेठांत कुस्तीच्या फडाइतक्याच ईर्ष्येने घेतली जातात आणि छत्रपती शाहू स्टेडियमवरील स्थानिक सामन्याला जमणारी गर्दी अनेक व्यावसायिक संघांना हेवा वाटावा अशी असते. मात्र तालमींचे हे संघ राष्ट्रीय लीगमध्ये खेळत नाहीत. त्यामुळे गुणी खेळाडूचे नाव बहुधा पेठेतच राहते. पुढे जायचे तर लहान वयातच गाव सोडावे लागते. निखिल कदम पुण्याच्या वाटेनेच मोहन बागानपर्यंत पोहोचला. अनिकेतही शालेय वयात पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत दाखल झाला आणि तेथून राष्ट्रीय शिबिरात गेला.

विश्वचषकात भारत अमेरिका, कोलंबिया व घाना या तिन्ही संघांकडून पराभूत झाला. त्यानंतर याच मुलांचा 'इंडियन अ‍ॅरोज' संघ आय-लीगमध्ये उतरविण्यात आला. नोव्हेंबर २०१७ मधील पहिल्याच सामन्यात या संघाने चेन्नई सिटीला ३-० असे नमविले. त्यांतील दोन गोल अनिकेतचे होते.

ऑगस्ट २०१८ मध्ये स्पेनमधील कोटिफ स्पर्धेत भारताच्या वीस वर्षांखालील संघाने अर्जेंटिनाला २-१ असे हरविले. भारतीय युवा फुटबॉलमधील हा सर्वांत गाजलेला विजय. त्या सामन्यात ५४व्या मिनिटाला अनिकेतला लाल कार्ड मिळाले होते. अन्वर अलीचा निर्णायक गोल दहा खेळाडूंनिशी झुंजताना झाला, तेव्हा अनिकेत मैदानाबाहेर होता. यशाच्या यादीत ही नोंद सहसा येत नाही. परंतु अठरा वर्षांच्या खेळाडूला तिने काय शिकविले असेल, याची कल्पना करता येते.

२०१९ मध्ये तो जमशेदपूर एफसीकडे गेला. पुण्याच्या व्यंकीज समूहाच्या मालकीच्या ब्लॅकबर्न रोव्हर्स या इंग्लिश क्लबमध्ये त्याला सरावाची संधीही मिळाली. आघाडीवरून तो हळूहळू बगलेवर खेळू लागला. वेग आणि चेंडू नसतानाही धावत राहण्याची तयारी यांमुळे ती जागा त्याला अधिक मानवली.

कारकिर्दीतील सर्वांत फलदायी हंगाम हैदराबाद एफसीकडून आला. २० मार्च २०२२ रोजी फातोर्डा येथील इंडियन सुपर लीगच्या अंतिम सामन्यात हैदराबादने केरळ ब्लास्टर्सला १-१ अशा बरोबरीनंतर पेनल्टी शूटआऊटमध्ये ३-१ असे हरविले. केरळचा गोल करणारा राहुल के. पी. हा विश्वचषकातील त्याचा जुना सहकारी. त्याच महिन्यात बहारीन व बेलारूसविरुद्धच्या मैत्रीपूर्ण सामन्यांसाठी अनिकेतची भारताच्या वरिष्ठ संघात निवड झाली.

पुढे तो ईस्ट बंगाल व ओडिशा एफसी या संघांकडून खेळला.