आगाखान पॅलेसच्या बागेतला एक कोपरा



आपल्या घोडबंदरच्या नव्या इमारतींच्या जाहिरातींत हल्ली ‘मनःशांतीची बाग’ हमखास असते. कारंजं, पांढरे गोटे, बांबू आणि एक ध्यानस्थ मूर्ती. बाग आणि मनाचं नातं काही नवं नाही. पर्युषणात कल्पसूत्राचं वाचन आपण ऐकतो, त्यात भगवान महावीरांनी दीक्षा घेतली ती ज्ञातृखंड उद्यानात, अशोक वृक्षाखाली. केवलज्ञान झालं तेही ऋजुवालिका नदीकाठी, शाल वृक्षाखाली. पण ही झाली तीर्थंकरांची गोष्ट. दुःखात बुडालेल्या साध्या माणसाला बाग कशी उपयोगी पडते, हे मला कळलं ते पुण्याच्या आगाखान पॅलेसच्या इतिहासातून.

तिसऱ्या आगाखानांनी हा महाल १८९२ मध्ये बांधला. दुष्काळात होरपळलेल्या आसपासच्या लोकांना काम मिळावं हा त्यामागचा हेतू. भोवती मोठी थोरली बाग. पन्नास वर्षांनी, ९ ऑगस्ट १९४२ ला, मुंबईत पकडलेल्या गांधीजींना इंग्रजांनी इथे आणून ठेवलं. पाठोपाठ कस्तुरबाही आल्या. बरोबर महादेवभाई देसाई, मीराबेन, सरोजिनी नायडू, डॉ. सुशीला नय्यर. तुरुंग म्हणून महाल, कुंपण म्हणून काटेरी तारा.

आठवडाही झाला नव्हता. १५ ऑगस्टला सकाळी महादेवभाई अचानक गेले. वय अवघं ५०. पंचवीस वर्षं ते गांधीजींचे लेखनिक आणि मुलासारखे. गांधीजींनी स्वतःच्या हातांनी त्यांना अंघोळ घातली. देह बाहेर नेऊ देणं सरकारला नको होतं, म्हणून आवारातच अग्नी दिला. त्या जागेला मग कुंपण घातलं.

पुढची गोष्ट मला महत्त्वाची वाटते. त्या दिवसानंतर ही मंडळी रोज दोन वेळा, सकाळ-संध्याकाळ, फुलं घेऊन त्या कोपऱ्यापर्यंत चालत जात. फुलं वाहायची, प्रार्थना म्हणायची, परत यायचं. एवढंच. एवढी सुंदर बाग भोवती होती, पण मन टेकलं ते त्या छोट्याशा चौकोनावर. बांसाठी तर ते देऊळच झालं. महादेवभाईंच्या नावातच महादेव होता ना!

२२ फेब्रुवारी १९४४ ला, महाशिवरात्रीच्या दिवशी, बा गेल्या. दुसऱ्या दिवशी महादेवभाईंच्या शेजारीच त्यांना अग्नी दिला. बासष्ट वर्षांचा संसार. गांधीजी चिता विझेपर्यंत तिथून हलले नाहीत. फेरी मात्र चालूच राहिली, आता दोघांसाठी.

यामुळे त्यांचं दुःख हलकं झालं असं मी म्हणणार नाही. बांच्या मागोमाग ते मलेरियाने आजारी पडले, आणि प्रकृतीच्या कारणावरूनच ६ मे १९४४ ला त्यांना सोडलं. पण सुटताना त्यांनी काय केलं बघा. आधी समाधीवर फुलं वाहिली. आणि सरकारला पत्र लिहिलं, की ही जागा आता पवित्र झाली आहे, ती सरकारने ताब्यात घ्यावी आणि आगाखानांच्या आवारातून तिथे जायला वाट द्यावी, म्हणजे आप्तेष्टांना केव्हाही जाता येईल. मी वाणिज्य शाखेची, त्यामुळे मला या माणसाचा हिशोबीपणा फार आवडतो. एवढा मोठा महाल, एवढा पहारा, हा जनतेच्या पैशाचा अपव्यय आहे, अशी तक्रार त्यांनी त्याच वर्षी केली होती. ज्याला महाल नको होता, त्याने त्यातली मागितली ती एक पायवाट.

१९६९ मध्ये चौथ्या आगाखानांनी तो महाल आवारासकट देशाला दिला. आज तिथे कुणीही जाऊ शकतं.

आमच्या स्वाध्यायातल्या एका ताईंचे यजमान मागच्या वर्षी गेले. गच्चीवर बाग करायची म्हणून त्यांनी माळ्याकडून अंदाज घेतला, तर आकडा लाखाच्या वर. वर सोसायटीची परवानगी वेगळीच. त्यांना मी हीच गोष्ट सांगितली. बाल्कनीचा एक कोपरा पुरे, पण तो कपडे वाळत घालायचा कोपरा नको. तिथे पाच पावलं तरी चालून जाता आलं पाहिजे, आणि वेळ ठरलेली हवी. त्या आता तिथे सामायिक करतात.

आपल्यासाठी एक अडचण असतेच. झाडाला जीव आहे, मग फूल तोडायचं कसं? अष्टमी-चतुर्दशीला तर हिरव्याला हातही लावत नाही. म्हणून मी आपणहून फुलं ढाळणारी झाडं सुचवते. बकुळ जमिनीत असेल तरच, तिचं मोठं झाड होतं. प्राजक्त मोठ्या ड्रममध्येही राहतो, छाटत मात्र बसावं लागतं, म्हणून तोही शक्यतो इमारतीच्या आवारात लावा. सकाळी सडा पडतो, तो वेचायचा. बाल्कनीत तुळस आणि गवती चहा. पाणी गाळूनच घाला आणि उजेड असताना घाला. कुंडीखालच्या ताटलीत साचू देऊ नका, डास झाले की मग मारायची पाळी येते. कारंज्याला माझा विरोध आहे तो याचसाठी.

आणि पुण्याला गेलात तर येरवड्याच्या पुढे, नगर रस्त्यावर आहे हा महाल. लोक आतली चित्रं आणि वस्तू बघून निघून जातात. समाध्या मागच्या बाजूला आहेत, तिथपर्यंत चालत जा.