बेरीज आणि खाडाखोड : विद्यापीठातील गैरव्यवहार कसा ओळखावा, कसा कळवावा

उत्तरपत्रिकेच्या मुखपृष्ठावर प्रश्नवार गुणांचा तक्ता असतो. माझ्यासमोरच्या तक्त्याची बेरीज 31 येत होती आणि खाली एकूण गुण 37 लिहिलेले होते. पेपर 80 गुणांचा, पास व्हायला 32 हवेत. एकच्या डोक्यावर आडवी रेघ ओढून सात केला होता. शाई तीच निळी, पण रेघ बाकीच्या आकड्यांपेक्षा जाड. शेजारी सही होती, तारीख नव्हती. पुष्कळ वर्षांपूर्वी मूल्यांकन केंद्रावर, म्हणजे ज्याला सगळे ‘कॅप’ म्हणतात तिथे, काम करत असताना ही गोष्ट घडली. ‘हे केले कोणी?’ हा प्रश्न माझ्या मनात पहिल्यांदा आला. खरे तर आधी विचारायला हवे होते, की तपासणी संपल्यापासून हा गठ्ठा कोणाकोणाच्या हातून गेला आणि त्याची नोंद कुठल्या वहीत आहे.

गैरव्यवहाराचा अभ्यास माणसाच्या स्वभावापासून सुरू केला की तो चहाड्यांत संपतो. म्हणून जागेपासून सुरुवात करावी. अमेरिकन अभ्यासक रॉबर्ट क्लिटगार्ड यांनी 1988 च्या आपल्या पुस्तकात भ्रष्टाचाराचे एक सूत्र मांडले : मक्तेदारी अधिक स्वेच्छाधिकार, वजा उत्तरदायित्व. हे सूत्र आपल्या विद्यापीठांना जसेच्या तसे लागू पडते. पीएच.डी.च्या प्रबंधावर सही करणारा गाइड एकच असतो, ही मक्तेदारी. तोंडी परीक्षेत किती गुण द्यायचे ते परीक्षकाच्या मनावर असते, हा स्वेच्छाधिकार. संलग्नीकरणासाठी महाविद्यालयात गेलेल्या स्थानिक चौकशी समितीने ‘सुविधा समाधानकारक’ एवढेच लिहिले आणि ग्रंथालयात पुस्तके किती, पूर्णवेळ प्राध्यापक किती हे मोजलेच नाही, तर उत्तरदायित्व शून्य झाले. या तिन्ही गोष्टी जिथे एका टेबलावर येतात, तिथे आज कोणी प्रामाणिक माणूस बसलेला असला तरी जोखीम आहेच. उद्या त्याची बदली होईल, टेबल तिथेच राहील.

चूक आणि लबाडी यांतला फरक कसा ओळखायचा? माझ्या मते सर्वांत भरवशाची खूण दिशेची आहे. थकलेल्या परीक्षकाची बेरीज कधी जास्त होते, कधी कमी. शंभर चुका तपासल्या तर दोन्हीकडच्या सापडतात. लबाडी मात्र एकाच दिशेने जाते. पुनर्मूल्यांकनात एखाद्या परीक्षकाच्या हातून गुण फक्त वाढत असतील, वाढ नेमकी उत्तीर्णतेच्या रेषेपलीकडे नेऊन थांबत असेल आणि लाभार्थी दोन-तीन महाविद्यालयांतलेच असतील, तर तिथे थांबून पाहायलाच हवे. यासाठी हेर लागत नाहीत. निकालपत्रकातील दुरुस्त्या परीक्षकवार आणि महाविद्यालयवार मांडून पाहणारा एक धीराचा कारकून पुरतो.

खरेदीतल्या खुणा बहुतेकांना ठाऊक असतात. ई-निविदेची मर्यादा टाळण्यासाठी एकाच मागणीचे तुकडे पाडलेले असतात. तीन दरपत्रके तीन लेटरहेडवर, पण शुद्धलेखनाची चूक तिन्हींत एकच. तासिका तत्त्वावरच्या देयकांत हजेरीपत्रक सुट्टीच्या दिवशीही भरलेले दिसते. यावर लेखापरीक्षणात निदान आक्षेप तरी निघतो. परीक्षा विभागातल्या खाडाखोडीवर आक्षेप घेणारे कोणी नसते, आणि तिचे बळी मात्र प्रामाणिकपणे अभ्यास केलेली मुले असतात.

महाराष्ट्राने हे अगदी वरच्या पातळीवर पाहिलेले आहे. 1985 सालच्या मुंबई विद्यापीठाच्या एम.डी. परीक्षेत तेव्हाचे मुख्यमंत्री शिवाजीराव पाटील निलंगेकर यांच्या कन्येच्या निकालावरून वाद पेटला. त्याच परीक्षेला बसलेल्या एका डॉक्टरने मुंबई उच्च न्यायालयात याचिका दाखल केली. वादाच्या मुळाशी श्रेणीपत्रकातले फेरफार होते. न्यायालयाने ताशेरे ओढले आणि मार्च 1986 मध्ये मुख्यमंत्र्यांनी राजीनामा दिला. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. एका राज्याचे सरकार हलले ते एका पत्रकावरच्या खाडाखोडीने, आणि ते प्रकरण न्यायालयापुढे नेले परीक्षेला बसलेल्या एका उमेदवाराने.

कोणीतरी पुढे आल्यामुळे प्रकरण उघड होणे हे अपवादात्मक मानू नये. गैरव्यवहार तपासणाऱ्या व्यावसायिकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने 2024 च्या अहवालात जगभरातली प्रकरणे अभ्यासली. त्यांपैकी 43 टक्के कोणीतरी कळवल्यामुळे उघड झाली, अंतर्गत लेखापरीक्षणातून 14 टक्के. म्हणजे कळवणारा माणूस हीच तपासाची मुख्य यंत्रणा आहे, आणि नेमकी तीच आपण वाऱ्यावर सोडली आहे.

त्या उत्तरपत्रिकेबद्दल मी वरिष्ठांना तोंडी सांगितले. दुसऱ्या दिवशी गठ्ठा जागेवर नव्हता. तो तिथे होता हे दाखवायला माझ्याजवळ चिठोरेही नव्हते.

म्हणून कळवण्याची रीत आधी शिकावी. अर्जात माणसावर आरोप करू नये, नोंद मांडावी : गठ्ठा क्रमांक, आसन किंवा बारकोड क्रमांक, तक्त्यातली बेरीज, लिहिलेली एकूण संख्या, पाहिल्याची तारीख आणि वेळ, सोबत कोण होते. ‘अमुक साहेब पैसे खातात’ हे वाक्य चौकशी जिथल्या तिथे मारते. ‘31 च्या जागी 37’ हे वाक्य मारता येत नाही. अर्ज आवक विभागात द्यावा आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का व आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबल सोडू नये. मूळ कागद घरी नेण्याचा मोह टाळावा, नाहीतर उद्या तक्रारदारच आरोपी ठरतो. विद्यार्थ्यासाठी वाट आणखी सोपी आहे. स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका माहितीच्या अधिकारात पाहता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये स्पष्ट केले आहे.

पैशांची मागणी झाली तर मात्र अर्जफाटे करत बसू नये. 1988 च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात कुलगुरू, प्राध्यापक, विद्यापीठाचे कर्मचारी, इतकेच काय, परीक्षेच्या कामासाठी बोलावलेली बाहेरची व्यक्तीसुद्धा लोकसेवक आहे. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा 1064 हा क्रमांक निःशुल्क आहे. तिथे आधी मागणीची पडताळणी होते, मग दोन पंचांसमोर पावडर लावलेल्या नोटा दिल्या जातात आणि सापळा रचला जातो. एक गोष्ट पालकांनी नीट लक्षात ठेवावी. 2018 च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. बळजबरीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांच्या आत पोलिसांना किंवा तपास यंत्रणेला कळवल्यास संरक्षण मिळते. ‘निकाल लागू दे, मग बघू’ म्हणत थांबलेल्या घराचे हे सात दिवस बघता बघता निघून जातात.

आणि कळवणाऱ्याचे काय? जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा संसदेने 2014 मध्ये मंजूर केला, पण तो अंमलात आलेला नाही. त्याची वाट पाहत बसण्याचे विद्यापीठांना काही कारण नाही. तक्रारदार कर्मचाऱ्याची दोन वर्षांच्या आत बदली करायची असेल, त्याचे परीक्षेचे काम काढून घ्यायचे असेल किंवा कंत्राट वाढवायचे नसेल, तर त्याची लेखी कारणे व्यवस्थापन परिषदेपुढे ठेवावीत, असा ठराव कोणतेही विद्यापीठ पुढच्याच बैठकीत करू शकते. सोबत तक्रारींची वही दर बैठकीत मांडावी : आवक क्रमांक, तारीख, कोणाकडे पाठवली, किती दिवस पडून आहे. मूल्यांकन केंद्राच्या दारात गठ्ठ्यांची एक वही ठेवावी आणि गठ्ठा आत-बाहेर करताना प्रत्येकाने नाव, वेळ आणि सही करावी. मी काम करत होतो तिथे अशी वही होती. शेवटची नोंद चार महिन्यांपूर्वीची होती.